फंक्शनल प्रोग्रॅमिंग कशाला म्हणावे?

(मंडळाच्या विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. स्मरणिकेसाठी काही ठिकाणी वाढविला आहे.)



आजवर या शिबिरात शिष्यवृत्तीचे अर्ज, जातपडताळणीची कागदपत्रे, स्पर्धा परीक्षा अशा विषयांवर व्याख्याने झाली. या वर्षी आम्ही संगणकातला, तोही काहीसा आडवाटेचा विषय घेतला, म्हणून काही ज्येष्ठ सभासदांनी आम्हाला विचारले की हे कशासाठी? त्याचे कारण आधी सांगतो.

धुळ्याला बी. सी. ए. झालेली आपल्या मंडळातील एक मुलगी नोकरीच्या मुलाखतीसाठी पुण्याला गेली होती. मुलाखत चांगली चालली होती. मग प्रश्न आला, "फंक्शनल प्रोग्रॅमिंग केले आहे का?" ती म्हणाली, "नाही सर, आम्हाला नव्हते." त्यानंतर मुलाखत पाच मिनिटांत आटोपली. रात्रीच्या एस. टी. ने ती परत आली आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येऊन म्हणाली, "काका, जे आपल्याकडे शिकवतच नाहीत ते आपल्याला येणार कसे?" विचारणाऱ्यांचा आम्ही दोष मानत नाही, त्यांनी सरळ प्रश्न विचारला होता. पण हीच मुलगी दोन वर्षांपासून आपल्या मंडळाच्या शैक्षणिक साहाय्य निधीचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवते आहे. तिच्या शेवटच्या वर्षाच्या जावा प्रकल्पात फिल्टर आणि मॅप वापरलेले आम्ही स्वतः पाहिले आहेत. तेव्हा तिचे "नाही" हे उत्तर खरे होते का? आणि ती "हो" म्हणाली असती तर ते तरी पूर्ण खरे ठरले असते का? कशाला फंक्शनल प्रोग्रॅमिंग म्हणायचे, हे नीट कळल्याशिवाय या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत.

प्रोग्रॅम या शब्दाला मराठीत आपण 'आज्ञावली' म्हणतो. शब्द छान आहे, पण त्यात एक गृहीत धरलेली गोष्ट लपलेली आहे. प्रोग्रॅम म्हणजे संगणकाला एकामागून एक दिलेल्या आज्ञा, असे तो शब्द सांगतो. हे कर, मग ते कर, मग हा आकडा त्या डब्यात ठेव, मग त्या डब्यातला आकडा काढून त्यात एक मिळव आणि पुन्हा त्याच डब्यात टाक. सी, पास्कल, बेसिक, कोबॉल या भाषा आम्ही अशाच शिकलो आणि अशाच शिकविल्या.

जळगावला आमचा संध्याकाळचा वर्ग चालत असे, तेव्हाची गोष्ट. फळ्यावर आम्ही लिहिले, क्ष = क्ष + १. नववीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, हे चूक आहे. दोन्ही बाजूंतून क्ष वजा केला की शून्य बरोबर एक येते." वर्ग हसला. आम्ही त्याला समजावले की, बाळा, हे समीकरण नाही, ही आज्ञा आहे. उजवीकडचे गणित करून उत्तर डावीकडच्या डब्यात ठेवायचे. तो खाली बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते. आज आम्हाला वाटते की त्याची शंका आमच्या उत्तरापेक्षा मोठी होती. बीजगणितात क्ष म्हणजे एक ठरलेली राशी. उदाहरणाच्या पहिल्या ओळीत ती पाच असेल तर शेवटच्या ओळीतही पाचच. संगणकाच्या डब्यांनी ही खात्री काढून घेतली. ती परत मिळविण्याचा प्रयत्न म्हणजे फंक्शनल प्रोग्रॅमिंग.

फंक्शन म्हणजे गणितातले फलन. काही आत द्यायचे, त्यावरून काही बाहेर मिळायचे. अट एवढीच की तेच दिले तर तेच मिळाले पाहिजे. आज विचारा, उद्या विचारा, जळगावात विचारा, धुळ्यात विचारा. आणि दुसरी अट, उत्तर देताना त्या फलनाने इतर कशालाही हात लावता कामा नये. कापसाचे वजन आणि क्विंटलचा भाव दिला की रक्कम किती, हे फलन झाले. आता कापूस बाजारातल्या मुनीमजीला तोच प्रश्न विचारा. ते रक्कम सांगतील, पण सांगता सांगता तुमच्या खात्यातून मागची उचल वळती करतील, हमाली-तोलाई कापतील आणि वहीत नोंद करून टाकतील. पुन्हा विचारले तर पुन्हा कापतील की काय, ही धास्ती असतेच. उत्तराखेरीज जे जे घडले त्याला संगणकाच्या भाषेत साइड इफेक्ट म्हणतात.

साइड इफेक्ट नसलेल्या फलनाला पुस्तकांत 'प्युअर', म्हणजे शुद्ध, असे नाव आहे. शुद्ध-अशुद्ध या शब्दांशी आपल्या समाजाची ओळख जुनी आणि कडू आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. इथे शुद्ध म्हणजे उच्च नव्हे. जे फलन पडद्यावर काही दाखवते, फाइलीत लिहिते, पैसे पाठवते, ते हलके ठरत नाही. तसे काम कुणी केलेच नाही तर प्रोग्रॅमचा कुणाला उपयोगच नाही. मुद्दा एवढाच की कोणते फलन फक्त उत्तर देते आणि कोणते बाहेर हात घालते, हे ओळखता यावे आणि दोन्हींची सरमिसळ होऊ नये. आम्ही आमच्यापुरते 'शुद्ध' हा शब्द टाकला आहे आणि 'शब्दाला जागणारे फलन' म्हणतो. मुलांना ते लवकर समजते.

आता हे सारे साहेबाच्या देशातून आलेले, असे कोणी म्हणेल. त्यावर दुसरे कोणी लगेच उठून म्हणेल की आमच्याकडे हे हजार वर्षांपूर्वीच होते. आम्ही दोघांनाही थोडे आवरू इच्छितो. आपल्याच जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ उभारला, त्याची ही नोंद; काळ शके ११२८, म्हणजे तेराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १९ व्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. त्या भास्कराचार्यांच्या ११५० च्या 'लीलावती'त त्रैराशिक आहे. तीन राशी, प्रमाण, फल आणि इच्छा. फलाला इच्छेने गुणावे, प्रमाणाने भागावे, की इच्छाफल मिळते. पाच क्विंटलला इतके तर आठ क्विंटलला किती, हे शाळेतले गणित तेच. यात कोणताही डबा पुसला जात नाही, पहिले काय करा आणि नंतर काय करा याचेही फारसे महत्त्व नाही. तीन राशी दिल्या की चौथी ठरलीच.

याला फलन म्हणता येईल. फंक्शनल प्रोग्रॅमिंग म्हणता येणार नाही, कारण तिथे यंत्रही नव्हते आणि फलनालाच दुसऱ्या फलनाच्या हाती सोपविण्याची कल्पनाही त्या नियमात नाही. शिवाय त्या मठाच्या पायरीवर आपल्या पूर्वजांना कितपत जागा होती हे वेगळे सांगायला नको. नियम मात्र आज सर्वांचा आहे आणि मुलाला शिकवायला तो उत्तम आहे, म्हणून आम्ही वर्गात तिथूनच सुरुवात करतो.

यंत्राच्या बाजूची हकिकत थोडक्यात अशी. १९३० च्या दशकात अमेरिकेतील तर्कशास्त्रज्ञ अलोंझो चर्च यांनी 'लॅम्डा कॅल्क्युलस' मांडले. नुसती फलने, आणि फलनांना दिलेली फलने. एवढ्यावर कोणतेही गणन करता येते असे त्यातून दिसले. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये लिस्प भाषेची आखणी सुरू केली, तिच्यात ही कल्पना पहिल्यांदा प्रत्यक्ष संगणकावर उतरली. पण आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती जॉन बॅकस यांची गोष्ट. १९५७ ची फोरट्रान भाषा, म्हणजे डब्यांत आकडे भरण्या-पुसण्याच्या पद्धतीची आद्य भाषा, यांच्याच नेतृत्वाखाली तयार झाली. त्यांना १९७७ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या भाषणात त्यांनी आपलीच वाट तपासली आणि विचारले की या डब्यांच्या पद्धतीतून प्रोग्रॅमिंगची सुटका होऊ शकेल का? स्वतःच्या कामावर, तेही सत्काराच्या व्यासपीठावरून, असा प्रश्न उभा करणारी माणसे थोडी. पुढे १९८७ मध्ये या विषयातल्या संशोधकांनी एक समाईक भाषा करायचे ठरविले. १९९० मध्ये तिचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. तिचे नाव हॅस्केल. त्याच वर्षी, योगायोगाने, आपले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावला स्थापन झाले, ज्याला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे.

त्या दशकातली आमची स्वतःची एक फजिती आता सांगितली पाहिजे. विषय खरा समजला तो तिथे.

निधीचा हिशेब आम्ही तेव्हा नुकताच संगणकावर घेतला होता. फॉक्सप्रोमध्ये एक फाइल, तिच्यात प्रत्येक सभासदाचे नाव आणि शिल्लक. वर्षअखेरीला व्याज जमा करायचे. आम्ही दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहिला होता, प्रत्येक शिलकीच्या जागी व्याज मिळवून नवी शिल्लक लिही. 'रिप्लेस' ही त्यातली आज्ञा. प्रोग्रॅम चालू केला आणि अर्ध्यात वीज गेली. खानदेशात वीज जाण्याचे नवल नाही, नवल पुढे होते. वीज आल्यावर आम्ही शहाणपणाने प्रोग्रॅम पुन्हा चालविला. ज्यांना आधी व्याज लागले होते त्यांना ते दुसऱ्यांदा लागले, बाकीच्यांना एकदाच. आणि कोणाला एकदा, कोणाला दोनदा, हे सांगायला काहीच शिल्लक राहिले नाही, कारण जुना आकडा पुसूनच नवा लिहिला होता. फ्लॉपीवरची प्रत दोन महिन्यांपूर्वीची निघाली.

त्या आठवड्यात काही मुलांची परीक्षा शुल्काची मुदत होती. निधीत नक्की किती आहे हे कळल्याशिवाय उचल देता येईना. त्याहून मोठी काळजी दुसरी. रोजंदारी करणाऱ्या, बिगारी काम करणाऱ्या माणसांनी महिन्याला दहा-दहा रुपये टाकून उभा केलेला तो निधी. आकड्यात गोंधळ झाला असे बाहेर गेले असते तर ते 'संगणकाची चूक' म्हणून कोणी ऐकून घेतले नसते.

आम्हाला वाचविले आमच्या तेव्हाच्या कोषाध्यक्षांनी. भुसावळला रेल्वेत कारकुनी करून निवृत्त झालेले गृहस्थ. संगणकावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी कोणाला न सांगता आपली लाल वही चालूच ठेवली होती. त्या वहीत एकही आकडा खोडलेला नव्हता. चूक झाली असेल तर तिच्याखाली उलट नोंद, तारीख आणि सही. ते म्हणत, "शिल्लक लिहून ठेवायची नसते, शिल्लक काढायची असते." तीन रात्री बसून आम्ही त्या वहीतल्या नोंदींवरून प्रत्येकाची शिल्लक पुन्हा काढली. पैसा जुळला. तीन मुलांना उचल उशिरा मिळाली आणि त्यांच्यातल्या एकाला विलंब शुल्क भरावे लागले, ते आम्ही आमच्या खिशातून दिले.

नंतर प्रोग्रॅम बदलला. फाइलीत फक्त नोंदी; जुन्या नोंदीला कधीच हात लावायचा नाही, नवी नोंद खाली जोडायची. शिल्लक कुठेही साठवायची नाही. हवी तेव्हा पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत जाऊन काढायची. वीज कितीदाही गेली आणि तो हिशेब कितीदाही चालविला तरी उत्तर तेच. या पद्धतीला काही नाव आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते. पुढे कितीतरी वर्षांनी हॅस्केलचे पुस्तक हाती आले, त्यात नोंदींची यादी एका फलनाने एकवटून एक उत्तर काढण्याला 'फोल्ड' म्हणतात असे वाचले, तेव्हा कोषाध्यक्षांची लाल वहीच डोळ्यांपुढे आली. जुने न पुसणे ही या विषयाची अर्धी बाजू आहे, आणि ती आपल्याकडच्या प्रत्येक चांगल्या खतावणीत पाळली जाते.

उरलेली अर्धी बाजू म्हणजे फलनालाच वस्तूसारखे वागविणे. निधीचेच उदाहरण घ्या. आलेल्या अर्जांतून साठ टक्क्यांवरचे निवडा. प्रत्येक निवडलेल्या अर्जाची देय रक्कम काढा. सर्व रकमांची बेरीज करा. निवडणे, प्रत्येकाला लावणे, एकवटणे. इंग्रजीत फिल्टर, मॅप, रिड्यूस. यातल्या 'निवडणे' या फलनाला आपण निवडीचा निकष आत देतो, आणि तो निकष स्वतः एक फलन असतो. उद्या निकष बदलला, विधवा मातांच्या मुलांना प्राधान्य द्यायचे ठरले, तर यादी फिरविण्याचे काम तसेच राहते, फक्त आत दिलेला निकष बदलतो.

आता, हे सगळे किती प्रचारात आहे? हे मोजणाऱ्याच्या मापावर अवलंबून आहे. हॅस्केलसारख्या काटेकोर भाषेत लिहिले तरच फंक्शनल, असे माप घेतले तर प्रमाण फारच लहान. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२४ च्या जागतिक पाहणीत जावास्क्रिप्ट वापरणारे शंभरात साठाहून अधिक, तर हॅस्केल वापरणारे दोनच्या आसपास होते. पण लहान म्हणजे नगण्य नव्हे. व्हॉट्सअॅपचा सर्व्हर एर्लांग भाषेत उभा राहिला. ही भाषा स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८६ च्या सुमारास टेलिफोन एक्सचेंजसाठी जन्मली, आणि तिच्यात एकदा नाव दिलेली किंमत बदलताच येत नाही. २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सअॅप घेतले तेव्हा ४५ कोटी लोक ते वापरत होते आणि कामाला इंजिनिअर होते अवघे ३२. पुण्यात हेल्पशिफ्ट या कंपनीने क्लोज्युअर या लिस्पच्या घराण्यातल्या भाषेवर आपले काम उभारले. बंगलोरला रिक्षांसाठी निघालेल्या 'नम्मा यात्री'चा सर्व्हर हॅस्केलमध्ये आहे आणि त्याचा मजकूर कोणालाही उघडून वाचता येतो. आमच्या विद्यार्थ्यांनी तो जरूर चाळावा. समजला नाही तरी चालेल, भीती जाते.

माप थोडे सैल केले, की भाषा कोणतीही असो, लिहिण्याची रीत फलनांची आहे का एवढे पाहायचे, तर चित्र एकदम बदलते. गूगलच्या जेफ डीन आणि संजय घेमावत यांनी २००४ मध्ये 'मॅपरिड्यूस' नावाची पद्धत प्रसिद्ध केली. हजारो संगणकांवर एकच मोठे काम वाटून द्यायची ती युक्ती, आणि तिची कल्पना लिस्पमधल्या मॅप व रिड्यूसवरून घेतल्याचे त्यांनीच लिहिले आहे. जावासारख्या जुन्या वळणाच्या भाषेत २०१४ मध्ये लॅम्डा आले. पायथॉनमध्ये मॅप-फिल्टर १९९४ पासूनच आहेत. म्हणजे आपल्या महाविद्यालयात जावा आणि पायथॉन शिकणारा प्रत्येक विद्यार्थी या दारापर्यंत येतोच. दार कोणी दाखवत नाही, हे दुःख आहे. परीक्षेत त्यावर गुण नसतात, म्हणून ते प्रकरण 'स्वतः वाचा' म्हणून सोडले जाते.

आणि तिसरे माप, जे आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. एक्सेल.

हसू नका. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिसिकॅल्क हा पहिला संगणकीय तक्ता आणला. मग १९८३ चे लोटस, जे आपल्याकडे अनेकांनी डॉसवर वापरले, आणि मग एक्सेल. तक्त्यात काय असते? 'डी' स्तंभात आपण लिहितो की बी वजा सी. ही आज्ञा नव्हे, हा नियम आहे. बी बदलला की डी आपोआप बदलतो. कोणता घर आधी मोजायचा आणि कोणता नंतर हे आपण सांगतच नाही, कोण कोणावर अवलंबून आहे ते पाहून एक्सेलच ठरवितो. सूत्र दुसऱ्या घरात जाऊन काही पुसू शकत नाही. आणि गंमत पाहा, 'ए१' या घरात ए१ + १ असे सूत्र लिहून बघा. एक्सेल तक्रार करतो, सर्क्युलर रेफरन्स, म्हणजे हे स्वतःभोवती फिरते आहे, मान्य नाही. आमच्या त्या नववीतल्या मुलाने घेतलेला आक्षेप अक्षरशः हाच.

हॅस्केलच्या शिल्पकारांपैकी एक, सायमन पेटन जोन्स, एक्सेल ही जगात सर्वाधिक वापरली जाणारी फंक्शनल भाषा असल्याचे व्याख्यानांतून सांगत आले. एक उणीव मात्र त्यांना खटकत होती. एक्सेलच्या सूत्रांत नवे फलन बनवून त्याला नाव देण्याची सोय नव्हती. २००३ मध्ये त्यांनी अॅलन ब्लॅकवेल आणि मार्गारेट बर्नेट यांच्यासह त्यावर निबंध लिहिला. डिसेंबर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने 'लॅम्डा' हे फलन जाहीर केले. चर्च यांचे ग्रीक अक्षर तक्त्यात आले. नवे एक्सेल असेल त्याला आता स्वतःचे फलन करता येते, आणि ते फलन स्वतःलाच पुन्हा हाकही मारू शकते.

आता महाराष्ट्रापुरते बघू. २००१ पासून महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एम. एस. सी. आय. टी. अभ्यासक्रम गावोगाव पोहोचला. सरकारी नोकरीसाठी तो लागतो म्हणून साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, जिथे जाल तिथे त्याचे केंद्र असते. एक्सेल त्यात आहेच. म्हणजे ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक, पतपेढीतली मुलगी, केळी ट्रकमध्ये भरून पाठविणाऱ्याचा कारकून, हे सारे रोज फलने लिहितात. त्यांना कोणी प्रोग्रॅमर म्हणत नाही, तेही स्वतःला म्हणत नाहीत. कोणाचे काम 'काम' म्हणून मोजायचे आणि कोणाचे नाही, याचा अनुभव आपल्याला वेगळा सांगायला नको.

तरी उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिला की तो पुन्हा आज्ञांचा प्रोग्रॅम झाला. तो कुठेही जाऊन काहीही पुसू शकतो. सूत्राच्या जागी घाईत आकडा टाइप करणे, हा तर आपल्या सर्व कार्यालयांतला नित्याचा प्रकार. एका घरातले सूत्र खाली हजार घरांत ओढले की हजार प्रती होतात आणि त्यांतली एक बिघडली तर पटकन दिसत नाही. अमेरिकेतल्या राइनहार्ट आणि रोगॉफ या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांच्या २०१० च्या, देशांच्या कर्जाविषयीच्या निबंधात असेच झाले होते. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी आल्याच नव्हत्या. ही चूक २०१३ मध्ये उघड केली ती मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने. मूळ तक्ता मागवून त्याने सूत्रावर बोट ठेवले. मोठ्या माणसांचा हिशेब विद्यार्थ्याला तपासता आला, कारण नियम तक्त्यात उघडा होता.

म्हणून आमचे मत असे. फलनांना फलने देणे आणि जुने न पुसणे, या दोन गोष्टी जाणून-बुजून पाळल्या असतील तर त्याला फंक्शनल प्रोग्रॅमिंग म्हणावे, मग भाषा जावा असो वा एक्सेल. नुसते तक्त्यात बेरीज करणे म्हणजे त्याचे बी आहे, झाड नव्हे. आपल्या मुलीने मुलाखतीत काय सांगायला हवे होते? "हॅस्केल शिकले नाही. पण निधीचा हिशेब असा ठेवते की एकही नोंद पुसली जात नाही आणि शिल्लक नोंदींवरून काढली जाते. जावात निवड आणि बेरीज लूप न लिहिता केली आहे. दाखवू का?" यात एक अक्षर खोटे नाही. नोकरी मिळालीच असती असे आम्ही म्हणत नाही. नुसत्या हॅस्केल-क्लोज्युअरच्या नोकऱ्या थोड्या आहेत, त्या बंगलोर-पुण्याकडे आहेत, आणि त्यांच्या भरवशावर जावा-पायथॉन सोडून बसण्याचा सल्ला आम्ही कोणालाही देणार नाही. पण पुढचा प्रश्न तरी तिला विचारला गेला असता.

ज्यांना पुढे शिकायचे आहे त्यांच्यासाठी, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद आणि एस. पी. सुरेश यांची हॅस्केलवरील व्याख्याने एन. पी. टी. ई. एल. वर आहेत. इंग्रजी सोपे आहे. पहिली दोन-तीन व्याख्याने मोबाइलवर ऐकून वहीत सोडवावीत, संगणक नंतर लागतो.

येत्या रविवारी दुपारी ३ वाजता मंडळाच्या हॉलमध्ये निधीचाच तक्ता घेऊन बसायचे आहे. तो आधी कागदावर, मग एक्सेलमध्ये, मग जावात, असा तीनदा करायचा. ती मुलगीच शिकविणार आहे. नववी-दहावीच्या मुलांनीही यावे, शंका काढणारी असतील तर जरूर यावे. येताना चौकटीची वही आणि पेन आणावे. पेन्सिल व खोडरबर आणू नये. वीज नसली तरी वर्ग होईल.